गोकाकची घळई आणि आपल्या नद्यांचं पाणी

पावसाळ्यात कोल्हापुरातून कर्नाटकातला, घटप्रभा नदीवरचा गोकाकचा धबधबा पाहायला गाड्या भरभरून जातात. कड्यावरून कोसळणारं ते पाणी बऱ्याच अंशी आपल्याच जिल्ह्यातून गेलेलं असतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. घटप्रभा आणि ताम्रपर्णी चंदगडातून येतात. आंबोलीत उगम पावलेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. पुरातला तांबूस रंगही घाटमाथ्याच्या जांभ्या मातीचाच.

मग गडहिंग्लजला संथ, पसरट वाहणारी नदी गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी का घेते? उत्तर खडकात आहे. आपल्याकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गोकाकच्या बाजूला हे थर संपत जातात आणि त्यांच्याहून कितीतरी पटींनी जुना वालुकाश्म उघडा पडतो. त्यातले वाळूचे कण सिलिका या कठीण खनिजाने इतके घट्ट जखडलेले आहेत की तो लवकर झिजत नाही. नदीपुढे जणू उंबरठाच येतो. उंबरठ्याच्या वर तिला तळ खोल करता येत नाही. खाली मात्र पडणारं पाणी कड्याचा पायथा पोखरत राहतं, खडकातल्या उभ्या भेगा रुंदावतात, कधीतरी एक प्रचंड ठोकळा निखळतो आणि कडा तेवढा मागे सरकतो. धबधबा असा उगमाच्या दिशेने सरकत आला. त्याच्या मागे उरली ती ही घळई.

ओलांडण्याची रीतही नदीप्रमाणे बदलते. हिरण्यकेशीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत: दगडी खांब, त्यांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बसवायचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, आणि वरून वाट. पुरात बंधारा पाण्याखाली जातो, पण बरगे आधीच काढलेले असल्याने लोंढा अडत नाही. गोकाकला गिरणी कामगारांच्या ये-जा करण्यासाठी झुलता पूल झाला, सुमारे २०१ मीटर लांब आणि खडकाळ पात्रापासून १४ मीटर उंच. त्याचा भार लोखंडी दोरांवर ताणाच्या रूपाने जातो, म्हणून चालणाऱ्यांच्या पावलांनी तो हलतो.

उन्हाळ्यात पात्र आटलं की लोक थेट कड्याच्या टोकावर जाऊन बसतात. कृपा करून तसं करू नका. कडा ज्या भेगांनी ढासळतो, त्याच भेगा तिथे पायाखाली असतात. शिवाय वरच्या अंगाला हिडकलचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं, तर गोकाकला पावसाचा थेंब नसतानाही पातळी चढते.