शंभर मैल, चोवीस तास आणि पट्ट्याचं बकल: डोंगरातल्या अल्ट्राचे नियम आले तरी कुठून?

डोंगरातल्या मोठ्या अल्ट्राला, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यतीला, पहिल्यांदा नाव नोंदवलं की रेसवाल्यांकडून नियमांचं एक लांबलचक चोपडं येतं. टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट पाहिजेच, दोन हेडलॅम्प पाहिजेत, शिट्टी पाहिजे, अमुक वाजेपर्यंत तमुक एड स्टेशनला (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या ठाण्याला) पोचला नाहीत तर तिथूनच परत, डॉक्टर थांब म्हणाले तर वाद घालायचा नाही, आणि एवढं सगळं निभावून शेवटी मिळणार काय तर कमरपट्ट्याचं एक बकल. मला आधी वाटायचं की हे सगळं कुणीतरी जाणकारांनी एकत्र बसून नीट विचार करून ठरवलं असेल. मग एकेक धागा ओढत गेलो तर भलतंच निघालं. यातलं बरंचसं मुळात माणसांसाठी नव्हतंच, घोड्यांसाठी होतं, आणि उरलेलं कुठे खाण बंद पडली म्हणून, कुठे बोगद्यात आग लागली म्हणून, असं आलंय.

तर घोड्यापासूनच सुरुवात करू. १९५५ साली कॅलिफोर्नियात वेंडेल रॉबी नावाचा एक हौशी घोडेस्वार होता, त्याने आणि त्याच्या मित्रांनी लेक टाहोच्या बाजूने निघून सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्न गावापर्यंतचे शंभर मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, एका दिवसात घोड्यावरून पार केले. आजकालच्या घोड्यांना हे झेपायचं नाही असं लोक म्हणत होते, त्यांना दाखवून द्यायचं होतं, एवढंच. पुढे तीच दरवर्षीची शर्यत झाली, टेविस कप. चोवीस तासांत घोड्यासकट धडधाकट पोचलात तर चांदीचं बकल. घोडेस्वार म्हटला की कमरेला पट्टा आलाच, म्हणून बकल. पळणाऱ्या माणसाच्या चड्डीला पट्टा नसतो हा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

याच शर्यतीत गॉर्डी एन्स्ले नावाचा एक दाढीवाला धिप्पाड गडी घोडा घेऊन उतरायचा. १९७३ ला त्याचा घोडा वाटेतच लंगडायला लागला आणि त्याची शर्यत तिथेच संपली. पुढच्या वर्षी धड घोडा नाही, तर हा म्हणाला पायीच जातो, आणि आयोजकांपैकी ड्रूसिला बार्नर नावाच्या बाईंनी त्याला उलट भरच दिली. (त्या स्वतः टेविस कप जिंकलेल्या पहिल्या बाई, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.) १९७४ च्या ऑगस्टमध्ये घोड्यांच्या बरोबरीने हा निघाला, दऱ्यांमध्ये भट्टीसारखं ऊन, आणि पोचला २३ तास ४२ मिनिटांत. म्हणजे घोड्यांसाठी आखलेल्या वेळेत अठरा मिनिटं राखून. पायी जाणारा तो पहिलाच नव्हता बरं का, १९७२ मध्ये सैनिकांची एक तुकडी हाच रस्ता चालून गेली होती आणि त्यातले सातजण दोन दिवसांच्या आत पोचले होते. पण चोवीस तासांच्या आत कुणी आलं नव्हतं, आणि लोकांच्या डोक्यात बसला तो चोवीसचाच आकडा.

१९७७ ला त्याच वाटेवर माणसांची पहिली अधिकृत शर्यत झाली, वेस्टर्न स्टेट्स, तीही घोड्यांच्या शर्यतीबरोबरच. १४ जण निघाले, तिघंच पोचले. पहिला अँडी गोन्झालेस चोवीसच्या आत आला. बाकीचे दोघं, पीटर मॅटेई आणि राल्फ पॅफेनबार्गर, बरोबरच आले २८ तास ३६ मिनिटांत. आता एवढं करून आलेल्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तीस तासांचं दुसरं बकल निघालं. आज जगभरच्या कितीतरी शंभर मैलांच्या रेसना तीस तासांचा कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची वेळ, असतो, त्याच्या मुळाशी ही दोन माणसं आहेत. आणि हा पॅफेनबार्गर कोण तर व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो हे हजारो लोकांच्या नोंदी तपासून दाखवणारा नावाजलेला संशोधक! स्वतः पळून बघणारे संशोधक आपल्याला आवडतात. १९७८ पासून माणसांची रेस जूनमध्ये गेली आणि घोड्यांपासून वेगळी झाली, त्याच वर्षी पॅट स्माइद ही ती पूर्ण करणारी पहिली बाई ठरली, २९ तास ३४ मिनिटांत. म्हणजे तो तीस तासांचा नियम नसता तर तिच्याही हाती काही लागलं नसतं.

मेडिकल चेकचं तर सरळसरळ घोड्यांवरून उचललंय. घोड्यांच्या शर्यतीत ठरावीक ठिकाणी गुरांचा डॉक्टर उभा असतो. तो नाडी मोजतो, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतो आणि ती किती पटकन सपाट होते ते बघतो, हिरडी अंगठ्याने दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतो, मग घोड्याला थोडं पळवून चाल तपासतो, आणि एवढं झाल्यावर पुढे सोडायचं की नाही ते ठरतं. घोडा बोलत नाही, म्हणून निर्णय दुसऱ्याने घ्यायचा. माणूस बोलतो, पण ७० मैलांनंतर खरं बोलत नाही, त्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी लागू पडली. फक्त कातडीच्या चिमटीऐवजी वजनकाटा आला. सुरुवातीला वजन करायचं, ते मनगटाच्या पट्टीवर लिहायचं आणि वाटेत परत परत काट्यावर उभं करायचं, वजन फार उतरलं तर पाणी कमी पडतंय म्हणून बसवून ठेवायचं. कित्येक वर्षं असंच चाललं. मग १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स वगैरे डॉक्टरांनी दाखवलं की लांब पळताना जास्त पाणी पिऊनही माणूस मरायला टेकतो, रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि अशा माणसाचं वजन उलट वाढलेलं असू शकतं. म्हणजे काटा बघून 'पी, अजून पी' म्हणणं काही वेळा घातकच. तेव्हापासून वजनकाट्याचा दरारा हळूहळू ओसरला. पण डॉक्टरने बघून सोडायचं किंवा थांबवायचं ही मूळ पद्धत राहिली ती राहिलीच.

आता कुणी म्हणेल की डोंगरात पळणं काय अमेरिकेत सुरू झालं का. अजिबात नाही. ब्रिटनमध्ये हे कितीतरी जुनं आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमियरला १८६८ पासून वाटाड्यांची शर्यत आहे, समोरच्या डोंगरावर चढायचं आणि उतरायचं, बास. स्कॉटलंडमध्ये १८९५ साली फोर्ट विल्यम गावातला विल्यम स्वान नावाचा एक न्हावी बेन नेविसच्या माथ्यावर जाऊन खाली आला २ तास ४१ मिनिटांत. पण या छोट्या, दम काढणाऱ्या शर्यती. लांब पल्ल्याचं खरं वेड लावलं ते बॉब ग्रॅहमने.

ग्रॅहमचं लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसविक गावात गेस्टहाऊस होतं. १९३२ च्या जूनमध्ये त्याने लेक डिस्ट्रिक्टची ४२ शिखरं एका दमात केली, साधारण १०५ किलोमीटर, चढ जवळजवळ एव्हरेस्टच्या उंचीएवढा, आणि वेळ २३ तास ३९ मिनिटं. पायात टेनिसचे बूट, खायला ब्रेड-बटर, उकडलेली अंडी, फळं आणि चघळायच्या गोड गोळ्या. जेल नाही, सॉल्ट कॅप्सूल नाही, मनगटावर उपग्रहावरून वाट दाखवणारं घड्याळ नाही. परत कुणाला ते जमायला १९६० उजाडलं, म्हणजे तब्बल २८ वर्षं. आणि यात गंमत अशी की ही रेसच नाही. स्टार्ट लाइन नाही, छातीवर नंबराचं बिब नाही, मेडल नाही. केसविकच्या मूट हॉलच्या दारातून निघायचं, चोवीस तासांत तिथेच परत यायचं आणि शिखरांवर सोबत कुणीतरी साक्षीला ठेवायचं. मग ग्रॅहमच्याच नावाचा क्लब तुम्हाला मेंबर करून घेतो. पुढे पेसर म्हणून जी मंडळी रात्री तुमच्याबरोबर पळतात ना, तशीच ही साक्षीदार मंडळी, पाणी वाहणार, वाट दाखवणार, शिव्या ऐकून घेणार. मला स्वतःला सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात जास्त भावतो. चोवीस तासांचा आकडा मात्र इथेही आहे आणि तो घोड्यावरून आलेला नाही, एक दिवस म्हणजे एक दिवस, एवढा साधा हिशोब.

खाणींचं थोडक्यात सांगतो. कोलोराडोत लेडविल हे तीन हजार मीटरच्या वर वसलेलं खाणगाव, तिथली क्लायमॅक्स खाण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि गावचा रोजगार बुडाला. खाणकामगार केन क्लाउबरने विचार केला की लोक गावात येऊन रात्री मुक्काम करतील असं काहीतरी पाहिजे, आणि शंभर मैलांच्या रेसइतकं मुक्काम करायला लावणारं दुसरं काय असणार! १९८३ ला रेस सुरू झाली. हार्डरॉक नावाची रेस १९९२ ची, तीही खाणवाल्यांच्या जुन्या वाटांवरून जाते आणि शेवटी फीत-बीत न तोडता एका मोठ्या दगडाचं चुंबन घ्यायचं, नावच हार्डरॉक, म्हणजे कठीण दगड फोडणारे खाणकामगार. तिथे दहा हजार मीटर चढ आहे म्हणून कटऑफ ४८ तास. बार्कली नावाच्या रेसचं मूळ तर तुरुंगात. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे १९७७ मध्ये टेनेसीतल्या तुरुंगातून पळाला आणि दोन दिवसांहून जास्त जंगलात भटकून पकडला गेला तेव्हा तुरुंगापासून जेमतेम आठ मैल गेला होता. गॅरी कँट्रेल नावाचा एक धावपटू म्हणाला एवढ्या वेळात मी शंभर मैल करीन, आणि १९८६ ला त्या डोंगरात रेस काढली. ती साठ तासांच्या आत पुरी पाच फेऱ्यांची करायला १९९५ पर्यंत एकही माईचा लाल निघाला नाही.

युरोपात आजची सगळ्यात मोठी म्हणजे यूटीएमबी, मोंब्लाँ पर्वताला प्रदक्षिणा, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड तीन देश, साधारण १७० किलोमीटर आणि दहा हजार मीटर चढ. ती २००३ ची. त्याआधी त्याच वाटेने आळीपाळीने पळायची रिले होती, पण १९९९ च्या मार्चमध्ये मोंब्लाँच्या बोगद्यात ट्रक पेटला, ३९ माणसं गेली, बोगदा तीन वर्षं बंद राहिला आणि रिलेही बंद पडली. मग कॅथरीन आणि मिशेल पोलेत्ती या जोडप्याने मित्रांना घेऊन एकट्याने पूर्ण फेरी मारायची रेस काढली. पहिल्याच वर्षी हवा इतकी बेकार की ७२२ जण निघाले आणि पूर्ण फेरी ६७ जणांनीच केली. पहिला आला दावा शेर्पा, वीस तासांच्या थोडं वर.

इथली सक्तीची यादी कडक असायचं कारण म्हणजे आल्प्समधलं हवामान. जॅकेट, हेडलॅम्प, अंगावर गुंडाळायचं चकचकीत ब्लँकेट, शिट्टी, लिटरभर पाणी. लोक कुरकुरतात, वजन वाढतं म्हणतात, मीही कुरकुरलोय. पण २०२१ ला चीनमध्ये गान्सूत काय झालं ते वाचलं आणि तोंड बंद झालं. २२ मे, शंभर किलोमीटरची रेस, १७२ जण. सकाळी बरे निघाले, वर चढताना अचानक गारा, बर्फाळ पाऊस आणि वारा. वाऱ्यापावसाचं जॅकेट सोबत हवंच असा नियम नव्हता, कित्येकांची जॅकेटं पुढच्या चेकपॉइंटला पाठवलेल्या पिशव्यांमध्ये होती आणि अंगावर हाफ चड्डी आणि पातळ टीशर्ट. जिथे सापडले त्या टप्प्यात नुसता चढ, वर गाडी जात नाही. २१ जण गारठून मेले, त्यात देशातले अव्वल धावपटू होते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहाजणांना आपल्या गुहेत आणून शेकोटी पेटवली आणि गोधड्यांत गुंडाळलं म्हणून ते वाचले. ते जॅकेट दोनेकशे ग्रॅमचं असतं.

रेसमध्ये जागा मिळवायला जी लॉटरी लागते, तिचंही एक मूळ आहे. वेस्टर्न स्टेट्सला ३६९ च लोक का, तीनशे सत्तर का नाहीत? तर १९८४ च्या कायद्याने त्या वाटेचा काही भाग संरक्षित जंगलात गेला आणि आधी जेवढे पळत होते तेवढ्यावरच आकडा गोठवला गेला. इकडे अर्ज करणारे मात्र हजारांनी वाढले. म्हणून चिठ्ठ्या, आणि नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या दुप्पट. सहासात वर्षं वाट बघणारे लोक त्यातूनच तयार होतात.

आणि सगळ्यात ताजा नियम एका फोटोतून आलाय. २०१८ च्या यूटीएमबीत सोफी पॉवर ही ब्रिटिश धावपटू कूर्मायरच्या एड स्टेशनवर बसून तीन महिन्यांच्या बाळाला पाजतेय, शेजारी एक धावपटू मेल्यासारखा आडवा पडलाय, असा तो फोटो. तिने एवढ्या लवकर का पळावं असं लोक म्हणायला लागले, तेव्हा कळलं की दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी मिळत होती पण गरोदरपणाला ती सवलत नव्हती. घोड्यांच्या नियमांत काय आणि पुरुषांच्या नियमांत काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्याच जानेवारीत जॅस्मिन पॅरिस ही ब्रिटिश धावपटू ४३० किलोमीटरची स्पाइन रेस सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली, ८३ तासांत, वाटेतल्या मुक्कामांवर तान्ह्या लेकीसाठी दूध काढत. २०२४ ला हीच बार्कली पूर्ण करणारी पहिली बाई ठरली, साठ तासांना ९९ सेकंद कमी असताना. पेशाने ती जनावरांची डॉक्टर. गरोदरपणात जागा राखून ठेवायचा नियम आता यूटीएमबीत आहे, वेस्टर्न स्टेट्समध्येही आहे, आणि बाकीच्या रेसच्या चोपड्यांतही एकेक करून येतोय.