स्टेपर ड्राइव्हची तारजोडणी : दोषशोधन

मोशन कंट्रोलरने (यंत्राची हालचाल ठरविणाऱ्या बोर्डाने) दिलेला आदेश स्टेपर मोटरच्या (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरच्या) ड्राइव्हपर्यंत, म्हणजे मोटरला प्रवाह पुरविणाऱ्या उपकरणापर्यंत, आणि तेथून मोटरपर्यंत नीट पोहोचतो की नाही, हे तपासून जोडणीतील चूक नेमकी कोठे आहे ते ठरविण्याची पद्धत. मुंबईत मरोळ, साकीनाका अशा भागांतील औद्योगिक गाळ्यांत लाकूड व अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या लहान सीएनसी (संगणकाच्या आदेशाने चालणाऱ्या) यंत्रांवर तिची गरज पडते.

कंट्रोलर व ड्राइव्ह यांच्यामध्ये सहसा पल्स (एका पायरीचा आदेश), दिशा आणि एनेबल (मोटर चालू ठेवण्याची परवानगी) असे तीनच संकेत असतात. १.८ अंशांच्या मोटरला एका फेऱ्यासाठी २०० पूर्ण पायऱ्या लागतात. ड्राइव्हवरील स्विच एक-अष्टमांश पायरीवर ठेवल्यास १,६०० पल्स द्याव्या लागतात. एनेबलची तार न जोडताही बहुतेक ड्राइव्ह चालू राहतात. तिचा संकेत उलट्या अर्थाने दिला गेला, तर मोटर पकड सोडते आणि दांडा हाताने सहज फिरतो.

मोटर फिरली नाही की ड्राइव्ह जळला असे धरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा आणणे ही महागडी घाई होय, कारण दोष अनेकदा दोन्ही उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक तारेत सापडतो. ड्राइव्हच्या प्रत्येक इनपुटमागे ऑप्टोकपलर (संकेत प्रकाशाने पुढे देणारा भाग) असतो, म्हणजे आत एक एलईडी असते, आणि ती पेटण्यासाठी नुसता विद्युतदाब (व्होल्टेज) पुरत नाही, तर काही मिलिअँपिअर प्रवाह लागतो. आतला रोधक (रेझिस्टर) २७० ओहमचा आणि एलईडीवरील दाबघट १.२ व्होल्ट धरल्यास ५ व्होल्टला सुमारे १४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच इनपुटला २४ व्होल्ट थेट दिले तर तो ८४ मिलिअँपिअरवर जाऊन एलईडी निकामी होऊ शकते. म्हणून २४ व्होल्टच्या कंट्रोलरबरोबर सुमारे २ किलोओहमचा रोधक मालिकेत जोडतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डाची अडचण वेगळी आहे. धन टोके ५ व्होल्टला बांधून ऋण टोके अशा बोर्डाने खाली ओढली, तर संकेत बंद असतानाही इनपुटवर १.७ व्होल्ट उरतात आणि एलईडी पूर्ण विझत नाही. मग पल्स कधी मोजली जाते, कधी नाही.

मल्टीमीटरने पल्स दिसत नाही, कारण काही मायक्रोसेकंदांची पल्स त्याच्या पडद्यावर केवळ सरासरी दाब होऊन उमटते. ऑसिलोस्कोप (दाबाचा आलेख दाखवणारे उपकरण) नसल्यास कंट्रोलरला सेकंदाला एखादी लांब पल्स पाठवायला लावून मीटरवरचा आकडा हलतो का ते पाहावे. आकडा हलतो पण मोटर हलत नाही, तर शोध ड्राइव्हच्या पुढे न्यावा.

मोटरच्या चार तारांपैकी कोणत्या दोन एका गुंडाळीच्या, हे ओळखायला मीटरही लागत नाही : कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवून दांडा फिरवावा, तो जड लागला की जोडी सापडली. एका गुंडाळीची एक तार दुसऱ्या गुंडाळीच्या तारेशी अदलाबदल झाली असेल, तर मोटर न फिरता जागीच थरथरते. एकाच जोडीतील दोन तारा उलटल्या, तर फक्त दिशा बदलते. चालू ड्राइव्हवरून मोटरची तार कधीही काढू नये, कारण गुंडाळीतील प्रवाह अचानक तुटल्याने उसळणारा दाब ड्राइव्ह जाळू शकतो. पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत थांबावे.

सर्वांत फसवा दोष म्हणजे हळूहळू सरकणारे माप. यंत्र शंभर वेळा पुढे-मागे नेऊन डायल गेज (सूक्ष्म सरक मोजणारे मापक) लावावा. प्रत्येक दिशाबदलागणिक चूक एकाच बाजूला वाढत असेल, तर पल्सची चुकीची कड (चढतीऐवजी उतरती किंवा उलट) निवडली गेली आहे, किंवा दिशेचा संकेत पल्सच्या पुरेसा आधी येत नाही. अनेक ड्राइव्हना त्यासाठी सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. चूक फक्त स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारी मोटर) सुरू असताना आणि अनियमित येत असेल, तर व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग ठरविणाऱ्या उपकरणाच्या) विद्युत गोंगाटाचा संशय घ्यावा. अपुऱ्या जागेच्या गाळ्यात स्पिंडलची केबल व संकेताच्या तारा एकाच पट्टीतून ओढल्या जातात, त्या वेगळ्या कराव्यात, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात आणि शील्ड (केबलभोवतीची धातूची जाळी) फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करावी (जमिनीशी जोडावी). फक्त जास्त वेगातच पायऱ्या चुकत असतील, तर तारजोडणीपेक्षा प्रवेग, भार आणि पुरवठ्याचा दाब आधी पाहावा.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो आणि टर्मिनलमध्ये घट्ट दिसणारी तारही मधूनमधून संपर्क सोडते. त्यामुळे पावसाळ्यात अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी प्रथम स्क्रू सोडून टोके पाहावीत, काळवंडलेला भाग कापावा आणि नव्या टोकावर फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून तार पुन्हा बसवावी.