तापमान शून्याच्या वर असलं की बर्फ पडत नाही?

दर मार्चमध्ये एक मेसेज फिरतो, की थर्मामीटर शून्याच्या वर असेल तर बर्फ पडूच शकत नाही, पाऊसच पडणार. वाटतं बरोबर, कारण पाणी शून्याला गोठतं हे आपण शाळेतच शिकलोय.

पण बर्फ तयार होतो वर ढगात, आपल्या अंगणात नाही. तिथून तो सेकंदाला साधारण एक मीटर अशा निवांत वेगाने उतरतो आणि वितळायला त्याला उष्णता लागते, ग्रॅममागे ८० कॅलरी, ती लगेच मिळत नाही. त्यामुळे खालची उबदार हवा दोनतीनशे मीटरच असेल तर तो जमिनीपर्यंत टिकतो. आणि हवा कोरडी असेल तर अजून एक गोष्ट होते, कणाच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होतं आणि घाम वाळताना आपल्याला गार वाटतं तसा तो स्वतःच थंड राहतो. म्हणून २-३ अंशालासुद्धा बर्फ पडतो, मनालीत किंवा बोस्टनमध्ये मार्चमध्ये राहिलेल्यांनी हे पाहिलं असेल, रस्त्यावर पडला की लगेच पाणी पण गवतावर पांढरा थर.

हे घरीच तपासता येतं. दोन थर्मामीटर सावलीत टांगा, एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा, थोडा वारा घाला आणि आकडा स्थिर झाला की वाचा. साधा ३ अंश दाखवतोय, हवेत आर्द्रता ५० टक्के आहे, तर ओला शून्याच्या आसपास येतो. ढग भरून आलेत आणि ओला १ च्या खाली आहे तर पावसापेक्षा बर्फाचीच शक्यता जास्त, मी तरी आधी ओलाच बघते.