ब्रॉयलरच्या खाद्यातील विकरे नेमके काय करतात?

ब्रॉयलर कोंबडीपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. तो एकूण खर्चाच्या साधारण 60 ते 70 टक्के भरतो, आणि तरीही त्या खाद्याचा बराच भाग न पचताच विष्ठेतून बाहेर पडतो. धान्ये आणि तेलबियांच्या पेंडींमध्ये काही घटक असे असतात की, त्यांना फोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, कोंबडीच्या पचनसंस्थेत मुळात तयारच होत नाहीत किंवा फारच कमी तयार होतात. बुरशी किंवा जिवाणूंपासून किण्वनाने मिळवलेली विकरे खाद्यात मिसळून ही उणीव भरून काढता येते.

यांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे विकर म्हणजे फायटेज. वनस्पतिजन्य कच्च्या मालातील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या रूपात साठलेला असतो. या रेणूच्या कार्बनी कड्याला सहा फॉस्फेट गट जोडलेले असतात, आणि ते सुटे झाल्याशिवाय पक्ष्याच्या हाडांना त्यांचा उपयोग होत नाही; ते सुटे करण्याचे काम फायटेज करते. शिवाय फायटेट कॅल्शियम, जस्त, लोह आणि काही प्रथिने यांनाही धरून ठेवते. फायटेज नसेल, तर पक्ष्याची गरज भागवण्यासाठी खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी) जास्त घालावे लागते, आणि मूळचा फॉस्फरस विष्ठेवाटे शेतात व तेथून जलाशयांत जाऊन शेवाळाची वाढ घडवतो. 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये फायटेज प्रथम व्यापारी स्वरूपात आले, तेव्हा खाद्याच्या खर्चाइतकीच खतातील फॉस्फरसची ही अडचणही त्यामागे होती.

फायटेजचे मुख्य काम अन्नपिशवीत, जठरात आणि पेषणीत, म्हणजे आम्लयुक्त भागात होते. लहान आतड्यात आम्लता कमी झाली की फायटेट कॅल्शियमशी जोडले जाऊन अविद्राव्य बनते आणि विकराच्या हाती फारसे लागत नाही. म्हणूनच खाद्यात चुनखडी गरजेपेक्षा जास्त असेल, तर उत्तम फायटेजही निष्प्रभ ठरू शकते, कारण चुनखडी आम्लता घटवते आणि फायटेटला कॅल्शियमही पुरवते. विकराच्या प्रकाराची चर्चा पुष्कळ होते, चुनखडीच्या प्रमाणाची मात्र क्वचितच, आणि माझ्या मते अपेक्षाभंगाचे एक मोठे कारण येथेच असते.

झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज यांचे काम वेगळे आहे. गव्हातील अरॅबिनोझायलन आणि बार्लीतील बीटा-ग्लुकन या लांब साखळ्यांच्या कर्बोदकांमुळे आतड्यातील द्रव घट्ट आणि चिकट होतो, त्यामुळे पाचक रस अन्नकणांपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि विशेषतः चरबीचे पचन बिघडते; विष्ठा चिकट व पातळ होऊन लिटर, म्हणजे पक्ष्यांखाली अंथरलेला भुसा वगैरेंचा थर, ओले राहते, त्यातून अमोनिया वाढतो आणि पक्ष्यांच्या तळपायांना जखमा होतात. या साखळ्यांचे पूर्ण पचन होण्याची गरज नसते, त्या मोजक्या जागी तुटल्या तरी चिकटपणा पुष्कळ उतरतो. मका आणि सोयाबीन पेंडीवर आधारलेल्या खाद्यात मुळात चिकटपणा कमी असल्याने हा फायदा तितका ठळक दिसत नाही. तेथे पेशीभित्तिका फोडून आत कोंडलेले स्टार्च व प्रथिने मोकळे करणे, एवढ्यावरच भिस्त असते. प्रथिने फोडणारे प्रोटिएज आणि स्टार्च फोडणारे अमायलेज ही विकरे कोंबडी स्वतः बनवते, त्यामुळे बाहेरून दिलेल्या मात्रेचा लाभ कच्च्या मालाच्या प्रतीवर आणि पक्ष्याच्या वयावर अवलंबून राहतो.

विकर हे वाढीचे औषध नाही. पूर्ण पोषणमूल्याच्या खाद्यात ते नुसते वरून टाकले, तर वजनात फारसा फरक पडेलच असे नाही. विकरामुळे मोकळे होणारे फॉस्फरस, कॅल्शियम आणि ऊर्जा हिशेबात धरून त्या प्रमाणात डीसीपी, चुनखडी किंवा तेल कमी केले, तरच खाद्याचा खर्च उतरतो. मात्र ही वजावट करताना विकर खाद्यात खरोखर कार्यरत आहे याची खात्री हवी, कारण पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, बनवताना वाफेमुळे तापमान 80 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि विकर हे प्रथिनच असल्याने त्या उष्णतेत त्याची रचना मोडू शकते. यावर उपाय म्हणून उष्णतेला टिकणारी किंवा संरक्षक आवरण दिलेली विकरे वापरतात, अथवा पेलेट थंड झाल्यावर द्रवरूप विकर फवारतात. आणि मिसळलेल्या मात्रेवर विसंबून न राहता तयार पेलेटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातील विकराची क्रियाशीलता तपासून घेतात.