फेअरवेची कड आणि फेअरवेचा ढाळ

बांध आणि ढाळ यांतला फरक कोल्हापूरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बांध ही दोन शेतांमधली हद्द असते आणि तो कोरला गेला तर भाऊबंदकी थेट कोर्टात पोहोचते. पण उसाला सरी सोडताना बांधाकडे कोणी पाहत नाही, जमीन कुठे उतरते ते पाहतात, कारण पाण्याला हद्द कळत नाही. गोल्फच्या मैदानाविषयी बोलताना मात्र हाच फरक पुसला जातो, कारण इंग्रजीतून आलेला ‘कंटूर’ हा एकच शब्द तिथे दोन्हींसाठी वापरतात. फेअरवे म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खड्ड्याकडे जाणारा आखूड गवताचा पट्टा. त्याचा कंटूर म्हणजे कधी आखूड कापलेल्या गवताची नागमोडी कड असते, तर कधी त्या गवताखालच्या जमिनीचे उंचवटे, खळगे आणि ढाळ.

कडेचे प्रकरण तसे सोपे आहे. उष्ण प्रदेशांत फेअरवेवर बहुधा बर्म्युडा गवत असते, म्हणजे आपली हरळीच. जी उपटता उपटता आपल्याकडे पिढ्या गेल्या, तीच तिथे जपून वाढवतात. फेअरवेवर हे गवत साधारण 10 ते 13 मिलिमीटर उंचीवर कापतात, बाजूच्या रफमध्ये ते कितीतरी जास्त वाढू देतात, आणि या दोन उंचींमधली रेघ हीच कड. आखूड गवतावरच्या चेंडूला क्लबचा, म्हणजे मारायच्या काठीचा, स्वच्छ स्पर्श होतो, त्यामुळे त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, थांबतो. रफमध्ये क्लब आणि चेंडू यांच्यामध्ये गवत अडकते, फिरकी घटते आणि चेंडू पुढे पळतो. म्हणजे ही कड शिक्षेची हद्द आहे, आणि ती कुठे असावी हे यंत्र चालवणारा माणूस काही आठवड्यांत बदलू शकतो. 1951 च्या यूएस ओपन या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेसाठी मैदानांचे आखणीकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी ओकलंड हिल्स मैदानाचे फेअरवे चेंडू पडण्याच्या जागी अरुंद केले आणि बंकरांनी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांनी, आवळले, तेव्हा साऱ्या स्पर्धेत पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, कमी फटक्यांच्या फक्त दोन फेऱ्या नोंदल्या गेल्या. त्यांतली एक विजेत्या बेन होगनची 67 ची होती. उलट अमेरिकेतल्याच पाइनहर्स्टच्या क्रमांक 2 च्या मैदानावर 2010-11 मध्ये फेअरवे रुंद करून रफ काढून टाकले, आणि 2014 मध्ये पुरुषांची व महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत तिथेच झाली.

जमिनीचा ढाळ असा लवचीक नसतो. तो बदलायचा म्हणजे मातीकाम करायचे, खालचे पाण्याचे पाइप हलवायचे आणि गवत पुन्हा लावायचे. शिवाय त्याचा परिणाम चेंडू जमिनीवर टेकताच सुरू होतो आणि पुढच्या फटक्यापर्यंत पोहोचतो. उजव्या हाताच्या खेळाडूच्या पायांपेक्षा चेंडू वर असेल तर फटका डावीकडे ओढला जातो, खाली असेल तर उजवीकडे सटकतो. चढावरून तो उंच जातो, उतारावरून बुटका निघतो. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानाच्या 13 व्या होलवर, म्हणजे खेळाच्या 13 व्या टप्प्यावर, फेअरवे उजवीकडून डावीकडे उतरतो, आणि ग्रीनसमोरचा ओढा ओलांडायचा फटका नेमका चेंडू पायांपेक्षा वर असताना मारावा लागतो. तिथे आखूड गवतावर असूनही खेळाडूला सुरक्षित वाटत नाही, आणि ही करामत कडेची नसून ढाळाची आहे.

कोल्हापूरच्या हवेत ढाळाला आणखी एक काम असते. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे पाणी वरच्यावर वाहून जावे म्हणून फेअरवेला निदान दोन ते तीन टक्के उतार ठेवावा लागतो. दिसायला सुरेख, पण पाण्याला वाट नसलेला खळगा म्हणजे जुलैतले डबके. त्यामुळे इथे असे मैदान आखायचे झाले तर निचऱ्याची दिशा आधी ठरवावी आणि सौंदर्य मागून पाहावे, असे माझे मत आहे.

खरा घोटाळा होतो तो कड आणि ढाळ एकमेकांकडे न पाहता आखले जातात तेव्हा. 30 मीटर रुंद फेअरवेला पाच टक्के आडवा उतार असेल तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जमीन दीड मीटर खाली जाते. अशी जमीन कडक, कोरडी असेल तर मध्यभागी टेकलेला चेंडूही खालच्या कडेपलीकडे जाऊ शकतो; कागदावर 30 मीटर दिसतात, पण खेळायला मिळते ती वरच्या बाजूची पट्टी. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबच्या लेक कोर्सवर हे मुद्दाम केल्यासारखे दिसते, कारण तिथे चौथा होल डावीकडे वळतो आणि जमीन उजवीकडे उतरते, त्यामुळे उताराविरुद्ध वळणारा फटका मारल्याशिवाय चेंडू फेअरवेवर टिकत नाही. हे कौशल्याची परीक्षा म्हणून मान्य करता येते. पण 2003 मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर ब्रिटनची ओपन स्पर्धा झाली तेव्हा चांगले मारलेले चेंडूही उंचवट्यांवरून उसळून रफमध्ये जात असल्याची खेळाडूंची तक्रार होती, आणि मला ती रास्त वाटते. जमीन इतकी उचंबळती असेल तर कड सैल ठेवायला हवी, विशेषतः उताराच्या बाजूला.

एखाद्या फेअरवेवर हे जुळले आहे की नाही ते पाहायला उपकरण लागत नाही. फटक्यासरशी क्लब जिथे जमिनीत घुसतो तिथे गवताचा टवका उडतो आणि तळहाताएवढी जखम राहते. या जखमा फेअरवेभर विखुरलेल्या असतील तर चेंडू निरनिराळ्या जागी थांबत आहेत. त्या खालच्या अंगाला, कडेलगतच्या एका खळग्यात दाटीवाटीने पडल्या असतील, तर ढाळ सगळ्यांना तिथेच आणून सोडतो आहे. आणि पुढच्या वेळी गवत कापताना यंत्र त्या खळग्यापलीकडे चार पावले जाऊ द्यावे.