काबरीचे आईबाप: अंडे, तुरा आणि पाय काय सांगतात

पाटण तालुक्यात माझ्या आत्याच्या परड्यात एक कोंबडी आहे. तिच्या काळ्या पिसांवर आडवे पांढरट पट्टे आहेत, माथ्यावर बसका तुरा आहे, पाय पिवळसर आहेत आणि ती फिकट तपकिरी अंडे घालते. आत्या तिला काबरी म्हणते. दोन वर्षांपूर्वी दारावर पिल्ले विकायला आलेल्या माणसाकडून तिला घेतले, तेव्हा 'गावठी आहे' एवढेच सांगून तो निघून गेला होता. आज आपल्या गावागावांत ज्यांना गावठी म्हणतात, त्या कोंबड्यांत असील, कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड, गिरिराज, वनराज अशा कितीतरी जातींचे रक्त मिसळलेले असते. अशा कोंबडीचे आईबाप तिच्या अंड्यावरून आणि अंगलटीवरून ओळखता येतील का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे 'हो' असे आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक खुणेची साक्ष वेगळी घ्यावी लागते आणि ती कुठवर ग्राह्य धरायची हेही ठरवावे लागते.

अंड्यापासून सुरुवात करू. कोंबडीच्या पोटात एक अंडे पूर्ण व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतले सुमारे २० तास ते कवच तयार होण्याच्या जागी असते. तपकिरी रंग चढतो तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत आणि तोही बाहेरच्या थरांवर. म्हणूनच तपकिरी अंडे फोडून आतला पापुद्रा सोलला, तर कवच आतून पांढरे दिसते. हा रंग प्रोटोपॉर्फिरिन या द्रव्याचा असून ते आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीमचे जवळचे नातलग आहे. निळ्या अंड्याचे तसे नसते. त्यातला बिलिव्हर्डिन हा रंग कवचात आरपार मुरलेला असतो, त्यामुळे ते कवच आतूनही निळे दिसते. दक्षिण अमेरिकेतल्या अराउकाना कोंबड्यांत आणि चीनमधल्या काही जातींत हा रंग एका प्राचीन विषाणूचा तुकडा जनुकाशेजारी घुसल्यामुळे आला, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले. दोन्ही ठिकाणी तो तुकडा स्वतंत्रपणे घुसला होता. आपल्या परड्यांत निळे अंडे सहसा दिसत नाही. दिसलेच, तर वंशात बाहेरचा पाहुणा आला आहे असे खुशाल समजावे.

तपकिरी रंग मात्र एका जनुकाचा नव्हे, अनेक जनुकांचा मिळून होतो. पांढरे अंडे घालणारी लेगहॉर्न आणि गडद तपकिरी अंडे घालणारी ऱ्होड आयलंड रेड यांच्या लेकीचे अंडे मधल्याच कुठल्यातरी छटेचे निघते. काबरीच्या फिकट तपकिरी अंड्यावरून ती शुद्ध लेगहॉर्न नाही एवढे नक्की कळते, त्यापुढे फारसे नाही. शिवाय वय वाढले, अंडे मोठे झाले किंवा कोंबडी आजारी पडली की हीच छटा फिकी होते. कराड-इस्लामपूरच्या बाजारात तपकिरी अंडे म्हणजे गावरान असे मानून जास्त पैसे मोजले जातात, ते पाहून मला मनापासून वाईट वाटते. पिंजऱ्यातल्या, वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीचे अंडेही गडद तपकिरी असू शकते, आणि कवचाच्या रंगाचा पोषणाशी काही संबंध नसतो. कानाची पाळी पांढरी तर अंडे पांढरे, हा ठोकताळाही लेगहॉर्नसारख्या भूमध्य सागराकडच्या जातींत चालतो. मिश्र कोंबडीत पाळीची आणि कवचाची जनुके वेगवेगळ्या वाटांनी येतात.

तुऱ्याची साक्ष याहून भक्कम असते. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवले, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरच. काबरीच्या माथ्यावर करवतीच्या दात्यांसारखा एकेरी तुरा नाही. चोचीपासून मागे जाणाऱ्या बुटक्या गाठींच्या तीन ओळी आहेत. हा वाटाणा तुरा असीलची ठळक ओळख आहे, तर कडकनाथ आणि लेगहॉर्न यांचा तुरा एकेरी असतो. वाटाणा तुरा प्रभावी असल्याने आईबापांपैकी एकाकडूनच आला तरी दिसतो, फक्त तो थोडा उंच आणि ओबडधोबड होतो. काबरीचा तुरा तसाच आहे. त्यामुळे तिच्या एका बाजूला असीलचे रक्त असावे, असा माझा कयास आहे.

सगळ्यांत निःसंदिग्ध साक्ष तिच्या पिसांवरच्या पट्ट्यांची आहे. माणसात पुरुषाकडे दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे असतात. पक्ष्यांत हे उलट असते. कोंबड्याकडे दोन झेड असतात, तर कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. लेकीला डब्ल्यू आईकडून मिळते, म्हणजे तिचे एकुलते एक झेड बापाकडूनच आलेले असते. प्लायमाउथ रॉक जातीतल्या आडव्या पट्ट्यांचे जनुक याच झेडवर बसलेले आहे. तेव्हा काबरीच्या अंगावर हे पट्टे आहेत, याचा अर्थ तिचा बाप पट्टेरी होता. आई कशीही असली तरी चालले असते. ज्या कोंबड्याला आत्याने कधी पाहिलेही नाही, त्याच्याविषयी एवढ्या खात्रीने बोलता येते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

कडकनाथच्या काळ्या कातडीतही झेडचा हात आहे. २०१९ च्या सुमारास वाळवा तालुक्यात आणि आसपास कडकनाथ पालनाची मोठी लाट आली होती, म्हणून आपल्या भागात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. काळेपणा आणणारे जनुक एक, आणि कातडीतला काळेपणा दाबून ठेवणारे दुसरे. हे दुसरे झेडवर असते आणि कडकनाथमध्ये ते नसते. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची तांबडी मादी यांच्या मुली बऱ्यापैकी काळ्या निघतात. जोडी उलट केली, तर पिल्ले उजळ निघतात आणि कडकनाथचे रक्त डोळ्यांना दिसतही नाही. उघड्या मानेच्या कोंबडीबाबत काम सोपे असते. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुबका असेल, तर ते जनुक एकाच बाजूने आलेले असते. मान जवळजवळ पूर्ण उघडी असेल, तर दोन्ही बाजूंनी.

आता पाय. पिवळी कातडी हा अप्रभावी गुण असल्याने तो दिसण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. चाऱ्यातल्या आणि मक्यातल्या पिवळ्या द्रव्याचे कातडीत विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) या कोंबड्यांत तिथे तयार होत नाही, म्हणून पिवळेपणा साठून राहतो. पण भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीचे हेच द्रव्य बलकात जाते आणि तिचे पाय पांढरे पडतात. म्हणून पाय पाहायचे ते तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी असताना, किंवा कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला बसू लागून, अंडी थांबल्यावर काही आठवड्यांनी. डार्विनच्या मते सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा हा एकच होता. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पिवळ्या पायांचे जनुक त्याचे नाही. ते बहुधा राखी रानकोंबड्याकडून आले. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी, आणि कोयनेच्या जंगलात पहाटे आरवतो तोही हाच. म्हणून काबरीचा बाप कोयनेच्या रानातून आला असे मात्र कोणी समजू नये. हा संकर फार जुना आहे आणि परदेशी लेगहॉर्नचे पायही त्याच जनुकाने पिवळे असतात.

बाकी खात्री पिल्लांवरून करता येते. यंदा काबरी खुडूक झाली तेव्हा आत्याने तिला तिचीच ११ अंडी घालून बसवले. परड्यात एकच कोंबडा होता, एकेरी तुऱ्याचा, काळा, पट्टे नसलेला. एकविसाव्या दिवशी ९ पिल्ले निघाली. त्यांतल्या ५ जणांचे तुरे एकेरी होते, म्हणजे काबरीला वाटाणा तुऱ्याचे जनुक एकाच बाजूने मिळालेले होते. सगळ्यांची लव काळी होती, पण ४ पिल्लांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका होता. ही पट्ट्यांची पहिली खूण. काबरीचे झेड फक्त मुलांना मिळते, म्हणून हे चौघे नर असणार असे मी आत्याला सांगितले आणि तिने त्यांच्या पायांत सैलसर तांबडा दोरा बांधला. अडीच महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा दोरेवाल्या चौघांच्या पिसांवर पट्टे आले होते आणि तुरे लाल होऊ लागले होते. बाकीच्या पाच तलंगा बापासारख्या काळ्या, बिनपट्ट्यांच्या होत्या.