गज, राळ आणि रामन

कॅम्पातल्या त्या सभागृहात मला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस वादक, आणि त्यांच्यापुढे स्पर्धेत पारितोषिक मिळवून आलेली विशीतली चेलोवादक. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं, व्हायोलिनसारखं पण मोठं वाद्य. अठराव्या शतकातले संगीतकार हायडन यांचा सी मेजरमधला कन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, होता. ही रचना जवळजवळ दोनशे वर्षं हरवली होती, 1961 मध्ये प्रागला तिची प्रत सापडली. वाजवण्याआधी तिने गजावर राळ घासली. पहिला भाग संपेपर्यंत तारांखालच्या तांबूस लाकडावर, चाळणीखाली पीठ पडावं तशी पांढरी भुकटी साठली. माझी नजर तिथून हलेना, कारण चेलोचं सगळं गाणं त्या भुकटीवर चालतं.

गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. राळेविना ते तारेवरून नुसते घसरतात, आवाज जवळपास येतच नाही. राळ तारेला घट्ट धरते, पण घसरण सुरू झाली की तिची पकड एकदम ढिली पडते. म्हणून गज तारेला ओढून नेतो, ती सुटते, मागे येते, पुन्हा पकडली जाते. दाराची बिजागरी कुरकुरते तीही अशाच धरसोडीने. पण चेलोच्या सर्वांत वरच्या मोकळ्या तारेवर ही धरसोड सेकंदाला 220 वेळा होते, आणि एकदाही ठेका चुकत नाही.

हा ठेका हात धरत नाही, तार धरते. गजाखालची तार आपल्याला फुगीर, धूसर दिसते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात खास सूक्ष्मदर्शक वापरून तिची खरी हालचाल उलगडली. कोणत्याही क्षणी तार दोन सरळ रेषांत दुमडलेली असते आणि त्यांच्यामधला कोपरा तारेवरून ये-जा करत राहतो. चेलोची तार साधारण 70 सेंटिमीटरची. सेकंदाला 220 फेऱ्या म्हणजे कोपऱ्याचा वेग 300 मीटरच्या आसपास, हवेतल्या आवाजाच्या वेगाहून थोडाच कमी! कोपरा गजापाशी पोचला की पकड सुटते, घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला, लागून परतला की पुन्हा बसते. गज घोडीपासून 7 सेंटिमीटरवर असेल, तर तार नव्वद टक्के वेळ त्याला चिकटलेलीच असते.

सारंगीचा गजही हेच करतो. सवाईला सारंगी ऐकत आलेल्या पुणेकरांना चेलो परका वाटत नाही, याचं एक कारण मला हेच वाटतं.

वादकाचं कसब असतं ते दाबात. दाब कमी पडला तर एका फेरीत तार दोन-तीनदा सुटते आणि आवाज पोकळ, शिट्टीसारखा येतो. जास्त झाला तर कोपरा येऊनही तार सुटत नाही, नुसती करकर होते. या दोहोंमधली जागा गज घोडीजवळ नेला की अरुंद होत जाते, आणि भरदार, तेजस्वी आवाज मिळतो तो तिथेच. त्या मुलीचा गज जोरकस जागांना घोडीकडे सरकत होता. त्या चिंचोळ्या पट्ट्यात ती किती निर्धास्त होती!

दुसरा, संथ भाग एफ मेजरमध्ये आहे. तिथे एका लांबवलेल्या एफ स्वरावर आवाज क्षणभर घोगरा झाला, थरथरला. पाश्चात्त्य वादक याला ‘लांडगा’ म्हणतात. बहुतेक चेलोंमध्ये तो एफच्याच आसपास, 175 हर्ट्झजवळ दडलेला असतो, कारण चेलोच्या लाकडी धडाचं स्वतःचं एक ठळक कंपन तिथे असतं. त्याच स्वरावर तार छेडली की धड जोरात हलू लागतं आणि तारेची ऊर्जा ओढून घेतं.

याचा उलगडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करत ते कोलकात्यात फावल्या वेळात संशोधन करत, तेव्हाची, 1916 ची ही गोष्ट. धडाचं हलणं वाढलं की तारेला शिस्तीत ठेवायला लागणारा किमान दाबही वाढतो. हातचा दाब अपुरा ठरतो, तार आपली चाल सोडते. मग धड शांत होतं, चाल परत येते, आणि पुन्हा तेच चक्र. त्यांना नोबेल मिळालं ते 1930 मध्ये, प्रकाशावरच्या कामासाठी. गजाच्या वाद्यांवरचं हे काम मराठी वाचकांपर्यंत पोचायला हवं, असं मला फार वाटतं.

थोड्या वेळाने तोच एफ पुन्हा आला. या वेळी स्वर लागण्याआधीच तिचे दोन्ही गुडघे चेलोच्या धडावर घट्ट आवळले गेले. धडाचं हलणं तेवढ्याने आवरलं आणि स्वर सरळ, अखंड, शेवटपर्यंत गेला.